ओल, पत्रा आणि नाटकाचं नाव

मुळशी तालुक्यातल्या रिह्यात पावसाळ्यात कागद टिकत नाही. सकाळचं वर्तमानपत्र दुपारपर्यंत सादळलेल्या पापडासारखं लोंबायला लागतं, वह्यांची पानं फुगतात आणि काचेच्या फ्रेममध्ये बंद केलेल्या चित्रावरही ऑगस्टअखेर आतून करडे ठिपके उमटतात. हिंजवडी आणि माणच्या काचेच्या इमारती मागे टाकून घोटवड्याच्या बाजूला आलं की भातखाचरं दिसू लागतात. त्यांच्या कडेनं, टेकड्यांच्या उतारावर पुणेकरांचे बंगले आहेत. बरेचसे शनिवारी उघडतात आणि रविवारी रात्री बंद होतात. चार महिने पाऊस आणि आठवड्यातले पाच दिवस बंद दारं. अशा घरात भिंतीवर काय टिकणार?

संपादकांनी यंदाच्या अंकाला ‘भिंती’ हा विषय दिला आणि मला या बंगल्यांकडे धाडलं. इथल्या दिवाणखान्यांत सध्या एक नवी गोष्ट लटकताना दिसते: पत्र्यावर छापलेली जुनी पोस्टरं. त्यातही नाटकांची, नाचगाण्याच्या थिएटरांची. कागदाला इथं जे जमत नाही ते पत्र्याला जमतं, हे कारण सरळच आहे. पण कोणाचं नाटक आणि कुठलं पोस्टर, हे विचारायला गेलं की गोष्ट लांबत जाते.

काळी मांजर आणि छापील गंज

पहिल्याच बंगल्यात जिन्याखाली काळी मांजर बसलेली होती. पिवळ्या पार्श्वभूमीवरचं, डोक्यामागे लाल वलय असलेलं चित्रकार स्टाइनलेनचं मांजर, १८९६ सालचं. पॅरिसच्या माँमार्त्र भागात ‘शा न्वार’ नावाची कॅबरेची जागा होती, तिथल्या मंडळींच्या दौऱ्याची ती जाहिरात. शेजारी तुलूझ-लोत्रेकची मुलाँ रूजसाठी १८९१ साली केलेली नाचणारी. घरमालक तरुण, हिंजवडीत नोकरीला. त्याला मांजर आवडलं होतं, बस्स. “ऑनलाइन मिळालं, छान वाटलं, लावलं,” तो म्हणाला. त्यात गैर काही नाही. मांजर खरोखरच छान आहे.

मला खटकला तो गंज. मांजराच्या चारी कोपऱ्यांत तांबूस ओघळ होते. पत्र्याला गंज चढलेला नव्हता, तो मूळ चित्रासोबत छापलेला होता. मूळ पोस्टर तर कागदाचं, दगडावरून छापलेलं. कागदाला गंज कुठून येणार? जुनं दिसावं म्हणून जे दोष त्या वस्तूला होणंच शक्य नाही ते तिच्यावर छापायचे, हा बाजाराचा उद्योग आता सगळीकडे चालतो. मुळशीच्या हवेत खोटा गंज विकत घेण्याची गरज काय? दोन पावसाळे थांबलं तर खरा मिळेल.

त्याच वस्तीत थोडं वर गेल्यावर दुसरं घर लागतं. तिथल्या काकांनी नोकरी केली पिंपरीतल्या एका कारखान्यात आणि संध्याकाळी हौशी नाटकांची प्रकाशयोजना. काकूंचे वडील पुण्यातल्या एका नाट्यगृहात बुकिंगच्या खिडकीमागे बसत. पुण्याचा फ्लॅट मुलाला देऊन दोघं इथं कायमची राहायला आली. येताना कपाटं, भांडी आणली, तशीच काकूंच्या वडिलांची एक पत्र्याची पेटी. पेटीत हँडबिलं, वर्तमानपत्रांतली कात्रणं, पेन्सिलीनं फुल्या मारलेले आसनांचे ‘प्लॅन’. नाटकाचा प्लॅन अमुक दिवशी उघडणार, ही बातमी ज्यांनी एकेकाळी लग्नाच्या मुहूर्तासारखी लक्षात ठेवली त्यांना या चौकटींच्या कागदाचं मोल सांगायला नको.

पहिल्या पावसाळ्यात काकूंनी त्यातली काही हँडबिलं हौसेनं फ्रेम करून लावली. फ्रेम करणाऱ्यानं मागे साधा पुठ्ठा घातला आणि कागद थेट काचेला टेकवला. गणपतीपर्यंत पुठ्ठा फुगला आणि एक गुलाबी हँडबिल काचेला चिकटलं. सोडवायला गेल्यावर शाई काचेवर राहिली. त्यानंतर या घरात पत्रा आला.

मराठी नाटकाचं पोस्टर होतं कुठं?

पॅरिसला पोस्टरचं वेड लागलं त्याला कारणं होती. १८८१च्या कायद्यानं पत्रकं चिकटवण्यावरचे निर्बंध सैल केले. ज्यूल शेरेनं रंगीत शिलामुद्रण मोठ्या आकारात आणि स्वस्तात करून दाखवलं. थिएटरं एका जागी ठाम उभी होती आणि शहरातल्या भिंती त्यांच्याच होत्या. १८९५च्या नववर्षदिनी अभिनेत्री सारा बर्नहार्टच्या ‘जिस्माँदा’ नाटकासाठी आल्फोन्स मुखानं केलेलं पोस्टर झळकलं, ते दोन मीटरहून उंच होतं. रस्त्यातला माणूस थांबावा म्हणूनच ते केलेलं होतं.

आपली नाटकमंडळी फिरती. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगलं, दोन वर्षांनी ‘सौभद्र’. पुढची तीस-चाळीस वर्षं कंपन्या सांगली, कोल्हापूर, हुबळी, नागपूर, इंदूर, बडोदे अशा भटकत राहिल्या. आज इथं, महिन्यानं तिथं. अशा मंडळींना भिंतभर पोस्टर काय कामाचं? त्यांना हवं होतं ते गावात पोचताच छापून मिळणारं, वाजतगाजत गाडीतून वाटता येणारं हस्तपत्रक. पातळ रंगीत कागद, खिळ्यांच्या टाइपात जुळवलेला मजकूर, नाटकाचं नाव सगळ्यांत ठळक, खाली खुर्ची-पिटापासूनचे दर आणि स्त्रियांच्या बसण्याच्या निराळ्या सोयीची ग्वाही. चित्र बहुधा नसेच, असलं तर छापखान्यात पडून असलेली एखादी वेलबुट्टी.

चित्रं छापणं महाराष्ट्राला जमत नव्हतं असं कुणी म्हणू नये. पुण्यात चित्रशाळा १८७८ पासून रंगीत चित्रं छापत होती. राजा रविवर्म्याचा १८९४ साली मुंबईत निघालेला छापखाना शतक संपता संपता मळवलीला आला. रिह्याहून डोंगर ओलांडत वायव्येला गेलं तर मावळातलं हे मळवली फार लांब नाही. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतींनी देशभरातल्या भिंती भरल्या. १९७२ साली तो छापखाना आगीत गेला. चित्रांसाठी भिंत होती, पण तिच्यावर देव बसले. नाटकाच्या वाट्याला आला तो खिसा, पाकीट आणि वर्तमानपत्राचं पान.

रंगीत मोठ्या पोस्टरची हौस पुढे सिनेमानं भागवली. तिचे धागे मात्र नाटकातच निघतात. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श नाटकमंडळीचे पडदे रंगवणारे कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू. त्यांतलेच बाबूराव पुढे सिनेमात गेले आणि बाबूराव पेंटर म्हणून नावाजले. नाटकात जे पडद्यावर रंगवलं जात होतं ते सिनेमाबरोबर थिएटरच्या बाहेर आलं.

नाटकाच्या जाहिरातीचं खरं रणांगण झालं ते वर्तमानपत्र. मुंबई-पुण्याच्या रविवारच्या अंकात नाटकांच्या जाहिरातींची दाटी असायची. एका पानावर वीस-पंचवीस नाटकं, प्रत्येकाला दोन स्तंभ आणि बोटभर उंची. एवढ्या गर्दीत वाचकाची नजर आपल्याकडे कशी ओढायची? कमल शेडगे यांनी याचं उत्तर अक्षरांतून दिलं. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कलाविभागात नोकरी करणाऱ्या या माणसानं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’पासून पुढची कित्येक दशकं मराठी नाटकांची नावं रेखाटली. विनोदी नाटकाचं नाव हसत होतं, ऐतिहासिक नाटकाचं पागोट्यासकट ताठ उभं राहत होतं, रहस्यनाट्याच्या वेलांटीतच काहीतरी दडलेलं वाटे. लोक अक्षरावरून नाटक ओळखत. नाव वाचायच्या आधी.

म्हणून माझं मत असं की, मराठी घरात जुन्या नाटकाचं पोस्टर लावायचं तर ते मुखाच्या मापाचं नसणार. ते काळं-पांढरं असेल, अक्षरांचं असेल आणि मुळात तळहाताएवढं असेल. हे मान्य केलं की मग ते मोठं करताना काय जपायचं हेही कळतं.

उलटी अक्षरं

काकूंच्या पेटीच्या तळाशी, प्लॅनच्या गुंडाळ्यांखाली, लाकडाच्या ठोकळ्यावर खिळ्यांनी ठोकलेला जस्ताचा एक तुकडा होता. कडा काळ्या पडलेल्या, वर वाळलेली शाई. त्यावर तीन अक्षरं, उजवीकडून डावीकडे उलटी. आरशात धरल्यावर ‘सौभद्र’.

हा ब्लॉक. खिळ्यांच्या छपाईच्या काळात वर्तमानपत्रात जे चित्र किंवा हातानं काढलेलं अक्षर दिसायचं ते असल्या तुकड्यावरून छापलं जाई. चित्रकारानं काळ्या शाईत मोठं नाव रेखायचं. ब्लॉकवाल्यानं त्याचा मोठ्या कॅमेऱ्यानं फोटो काढून हव्या त्या मापाची निगेटिव्ह करायची. प्रकाशाला प्रतिसाद देणारा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर ती उतरवायची. अक्षराची जागा झाकलेली राही, बाकीचं जस्त नायट्रिक आम्लात खाल्लं जाई. आम्ल खालीच नव्हे तर बाजूनंही खातं, म्हणून अक्षरांच्या कडांना मधूनमधून राळेची पूड लावून तापवायचं आणि पत्रा पुन्हा आम्लात सोडायचा. शेवटी तो लाकडावर ठोकून टाइपाच्या उंचीला, म्हणजे साधारण २३ मिलिमीटरला आणायचा.

नुसत्या रेषांचा असा ब्लॉक वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदावरही झणझणीत उठे. फोटोचं तसं नव्हतं. फोटोला जाळी लागे, छोट्या-मोठ्या ठिपक्यांची. हलक्या कागदावर ठिपके पसरून नटाचा चेहरा काळाठिक्कर होई. मराठी नाटकाच्या जाहिरातीत अक्षर राजा का झालं, याच्या कारणांत या जस्ताचा वाटा मोठा आहे. कलावंताची प्रतिभा तर होतीच, पण पानावर टिकेल असं दुसरं काही फारसं हाताशीही नव्हतं.

आणि इथंच मला ‘पत्र्यावरचं पोस्टर’ ही गोष्ट परदेशी फॅशन वाटेनाशी झाली. आपल्या नाटकाचं नाव कागदावर येण्याआधी धातूवर होतं. एवढंच काय, आज कागदावरच्या छपाईत ज्याचं राज्य आहे ते ऑफसेट तंत्रसुद्धा मुळात पत्र्यासाठी निघालं. १८७५ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कलेनं त्याचं पेटंट घेतलं ते पत्र्याच्या डब्यांवर छापण्यासाठी. कडक दगडावरून कडक पत्र्यावर शाई नीट उठत नाही, मधे एक मऊ रूळ हवा, ही ती युक्ती. कागदासाठी ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वापरात आली. आधी बिस्किटाचा डबा, मग वर्तमानपत्र.

काका मात्र ब्लॉककडे बघून वेगळंच बोलले. “हा दिव्याखाली तिरका धरला की अक्षरं उठून दिसतात. फोटोत नाही येत तसं.” प्रकाशयोजना करणाऱ्याचा डोळा निवृत्त होत नाही.

हीट प्रेसपाशी

पुण्यात नारायण पेठेतल्या एका बोळात कप, टी-शर्ट, पदकं आणि भिंतीवरचे पत्रे छापणारं दुकान आहे. काका-काकूंचे पत्रे तिथं झाले. मालक तिशीचा, भिंतीला टेकून ठेवलेल्या पांढऱ्या अ‍ॅल्युमिनिअमच्या शीटा, टेबलाएवढी हीट प्रेस, कोपऱ्यात प्रिंटर.

पत्र्यावर छापायच्या रीती बऱ्याच आहेत आणि गिऱ्हाईक सगळ्यांना ‘मेटल प्रिंट’च म्हणतं. स्वस्तातली रीत यूव्ही छपाईची. शाई सरळ पत्र्यावर किंवा एसीपी (अ‍ॅल्युमिनिअम कॉम्पोझिट पॅनेल) शीटवर पडते आणि दिव्यानं तिथल्या तिथं वाळते. शाईचा थर वर राहतो, नखानं ओरखडा निघू शकतो. बाजारात तयार मिळणाऱ्या मुडपलेल्या कडांच्या टिनच्या पाट्या निराळ्या. त्यांचा पातळ लोखंडी पत्रा कापलेल्या कडेपाशी उघडा असला की आपल्याकडच्या पावसात तिथून गंज शिरतो. घरासाठी टिकाऊ म्हणून दुकानदार सुचवतो ते सब्लिमेशन.

त्याचं काम असं चालतं. शीटवर पॉलिमरचा पांढरा थर आधीच दिलेला असतो. चित्र खास शाईनं ट्रान्सफर पेपरवर छापायचं, उलटं. शीटवरची संरक्षक फिल्म सोलायची, तिच्यावर कागद पालथा ठेवून उष्णता सोसणाऱ्या टेपनं घट्ट बांधायचा आणि २०० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या प्रेसमध्ये दाबून धरायचा, शीटच्या जाडीनुसार मिनिट, दोन मिनिटं, जास्तही. या उष्णतेत शाईतला रंग द्रव न होता थेट वायू होतो आणि तापून सैल झालेल्या थरात शिरतो. गार झाला की थर मिटतो, रंग आत. म्हणून वरून पुसलं तरी काही निघत नाही.

“मिरर करायचं राहिलं की पत्रा गेला,” तो म्हणाला. “आणि कागद केसभर हलला की अक्षराला सावली पडते. चित्राला चालून जातं. अक्षराला नाही चालत.”

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधी समजत नाही, ती म्हणजे पांढऱ्याची. या प्रकारात पांढरी शाई नसते. पांढरं दिसतं ते शीटचं. पांढरा थर न दिलेली, धातू चमकणारी शीट घेतली तर कागदाची जागा चंदेरी होते. तुलूझ-लोत्रेकला ते शोभेल, गुलाबी हँडबिलाला शोभत नाही. काकूंनी पांढरी घेतली, तीही मॅट. त्यांच्या दिवाणखान्याला मोठी खिडकी आहे. चकचकीत शीटवर त्यात नाटक दिसलं नसतं, घोटवड्याची टेकडी दिसली असती.

खरं कौशल्य लागतं ते प्रेसच्या आधी, स्कॅन करताना. आठ सेंटिमीटर रुंदीचं कात्रण १२०० डीपीआयला स्कॅन केलं आणि १५० डीपीआयला छापलं तर ते आठपट होतं, म्हणजे ६४ सेंटिमीटर. चार हात लांबून बघायच्या भिंतीला एवढं पुरतं. पण एवढ्या मोठ्या मापात जे दिसतं ते आधी कधी दिसलेलं नसतं. शाई कागदात कशी फुटली, रफाराच्या टोकाला ती कशी साचली, मागच्या पानावरचा मजकूर कसा डोकावतो. संगणकाला सांगितलं तर तो हे सगळं पुसून कडा गुळगुळीत करून देतो. तसं केलेला एक नमुना दुकानदारानं दाखवला. अक्षर स्वच्छ होतं आणि निर्जीव. हातानं ओढलेल्या वेलांटीची जाडी कमी-जास्त होते, ती चूक समजून यंत्रानं सरळ केली होती. काकूंनी तो नमुना परत केला आणि फक्त पिवळेपणा थोडा उतरवून घेतला. मागच्या पानाची छाया तशीच राहू दिली, कारण त्या छायेत दुसऱ्या एका नाटकाची उलटी जाहिरात आहे. पिवळेपणा कागदाचा आहे, लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनचा. तोही छापील गंजासारखाच वाटू नये एवढा ठेवावा, असं मला वाटतं. नाहीतर आपणही त्या मांजराच्या रांगेत.

कुठल्या भिंतीला, कुठल्या स्क्रूनं

रिह्याला पत्रे पोचले तेव्हा पाऊस होता. लावायला घोटवड्याचे फॅब्रिकेटर आले आणि पहिला वाद भिंतीवरून झाला. काकांना पश्चिमेची भिंत हवी होती, लांबलचक, मोकळी. फॅब्रिकेटरनं तिला हात लावून बघितला आणि मान हलवली. या भागात पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, आणि बाहेरून कितीही वॉटरप्रूफिंग केलं तरी ती भिंत आतून थोडी थंड राहतेच. पत्रा भिंतीला चिकटवून लावला तर त्याच्या मागे ओल कोंडते आणि रंगाचा पोपडा सुटतो. पत्र्याला काही होत नाही, भिंतीला होतं.

शेवटी जिन्याची आतली भिंत ठरली. पत्र्यामागे सेंटिमीटरभर फट राहील असे स्टँडऑफ लावले. घर हलक्या ब्लॉकच्या बांधकामाचं, त्यामुळे साधा प्लग फिरत राहतो, त्याला साजेसा प्लग लागला. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घेतले आणि पत्रा व स्क्रू यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घातला. दोन वेगळे धातू ओलीत एकमेकांना टेकले की त्यातला एक झिजायला लागतो, आणि इथं झिजणार ते अ‍ॅल्युमिनिअम. साधे लोखंडी खिळे तर पहिल्याच पावसाळ्यात तांबडे ओघळ सोडतात. चुंबकावर लावायच्या परदेशी पट्ट्यांची जाहिरात बघून काकूंनी त्या मागवल्या होत्या, पण त्या स्टीलच्या पत्र्याच्या. अ‍ॅल्युमिनिअमला चुंबक धरत नाही. त्या पट्ट्या आता फ्रिजवर यादी लावायच्या कामी येतात.

उजेडाचं काम काकांनी स्वतःकडे ठेवलं. छताजवळून साधारण तीस अंशांच्या कोनात येणारा पिवळसर दिवा, त्याला डिमर. त्याहून सरळ पाडला तर पत्रा चमकतो आणि अक्षर जातं, जास्त तिरका पाडला तर भिंतीचा गिलावा उठून दिसतो. खिडकीचं थेट ऊन पडेल तिथं एकही पत्रा नाही. सब्लिमेशनचे रंग घरात टिकतात, उन्हात नाही. व्हरांड्यात लावायचं असेल तर जुन्या काळच्या मिन्याच्या पाट्या बऱ्या, असं काका म्हणतात. मिना म्हणजे पोलादावर आठशेच्या आसपास अंशांना वितळवून बसवलेली काच. तिचा रंग उडत नाही. टवका उडाला की मात्र तिथून गंज शिरतो, आणि तो गंज तरी खरा असतो.

जिन्यावर आता सगळ्यांत खाली ‘सौभद्र’ आहे, ब्लॉकचा ठसा घेऊन मोठा केलेला. त्याच्या वर एका हौशी संस्थेच्या प्रयोगाचं हँडबिल, मग दोन कात्रणं. ‘जिस्माँदा’ही आहे. मुलानं पाठवलेली. तिला आंघोळीच्या खोलीबाहेरची भिंत मिळाली आहे आणि ती तिथं सुखात दिसते.

घराची देखभाल करणारे दादा गावातलेच. पायऱ्या झाडताना ते रोज या पत्र्यांसमोरून जातात. मी विचारलं, यातलं एखादं नाटक बघितलं होतं का?

“नाटक न्हाई बघितलं. जत्रंला तमाशा बघितला. त्याचा कागद एसटीच्या थांब्यावर लावायचे, रंगीत, बाईचं चित्र असलेला. पाऊस पडला की जायचा.”

तमाशाची गणितं नाटकाहून वेगळी. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी तिथं जाऊन सुपारी देतात आणि मग फड गावात येतो. त्याच्या कागदाला भिंत हवीच होती, कारण त्याचा प्रेक्षक रविवारच्या जाहिरातींचं पान उघडून बसणारा नव्हता. रंगीत, चित्राचं, भिंतीवरचं पोस्टर मराठी मुलखात शोधायचं असेल तर ते तमाशाचं आहे आणि बहुधा पावसानं वाहून गेलेलं आहे. बंगल्यांच्या भिंतींवर अजून मला ते कुठं दिसलं नाही. मांजर दिसलं.

हक्क कुणाचा?

पत्र्यावर हवं ते छापता येतं म्हणून हवं ते छापावं का? भारतातल्या १९५७च्या कायद्यानुसार कलाकृतीचा हक्क कलावंताच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. रविवर्मा १९०६ साली गेला, मुखा १९३९ साली, त्यांची चित्रं मोकळी झाली. चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, त्यांचं काम २०३१ संपेपर्यंत संरक्षित आहे. कमल शेडगे २०२०च्या जुलैत गेले, म्हणजे त्यांच्या अक्षरांवरचा हक्क २०८० संपेपर्यंत. काम नोकरीत असताना मालकासाठी केलेलं असेल तर तो हक्क मालकाकडेही असू शकतो. करणाऱ्याचं नाव नसलेल्या हँडबिलांचा हिशेब प्रकाशनापासून ६० वर्षांचा.

कायद्यात खासगी वापरासाठी काही सवलत आहे. विक्रीचा धंदा तीत बसत नाही. पण ऑनलाइन दुकानांत मराठी नाटकांची नावं छापलेल्या वस्तू मिळतात आणि त्यावर अक्षर कुणाचं याचा उल्लेख नसतो. पैशांचा प्रश्न वारसांनी आणि वकिलांनी सोडवावा. नाव लिहायला काय अडचण आहे? काकूंनी प्रत्येक पत्र्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाटक, संस्था, साल आणि ठाऊक असेल तिथं अक्षररचनाकाराचं नाव छापून घेतलं. माहीत नाही तिथं जागा कोरी ठेवली. दुकानदाराला हे नवीन होतं. आता तोच इतर गिऱ्हाइकांना विचारतो, असं म्हणाला.

पेटीतलं पेटीत

पत्र्याचा सगळ्यांत मोठा फायदा भिंतीला नाही, पेटीला झाला. स्कॅन झाल्यावर मूळ कागद पुन्हा उजेडात काढायची गरज उरली नाही. ते आता पुण्यात, मुलाच्या कोरड्या फ्लॅटमध्ये, आम्लविरहित कागदाच्या घड्यांत सपाट ठेवलेले आहेत. रिह्यात ते परत येणार नाहीत. काही संस्थांच्या ग्रंथालयांशी काकूंचं बोलणं चालू आहे, कारण असे कागद एका घरात ठेवणं धोक्याचं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा शाहू महाराजांच्या काळातली वास्तू काही तासांत गेली. आगीपुढे दगडी भिंतींचीही मातब्बरी चालत नाही, तिथं गुलाबी पातळ कागदाचं काय?

मराठी नाटकाचे असे कागद अजूनही घराघरांत आहेत. बुकिंग क्लार्क, प्रॉम्प्टर, ठेकेदार, नाटकवेडे मामा, सगळ्यांच्या माळ्यावर. ८ जुलै १९२१ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले त्या ‘संयुक्त मानापमान’चं एखादं हस्तपत्रक कुणाच्या तरी जुन्या पंचांगात घडी घालून पडलेलं असेल, अशी आशा मी सोडलेली नाही.

तेव्हा या दिवाळीत माळा आवरताना तुम्हाला असं काही सापडलं तर त्याला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेट तर मुळीच करू नका. दोन्ही पुन्हा निघत नाहीत. मऊ ब्रशनं धूळ झटका, दोन्ही बाजू १२०० डीपीआयला स्कॅन करा, कुठल्या गावचा आणि कोणत्या साली झालेला प्रयोग हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. मूळ कागद जवळच्या ग्रंथालयाला किंवा नाट्यसंस्थेला दाखवा. भिंतीसाठी पत्रा करून घ्या, मॅट, आणि खालच्या कोपऱ्यात नाव घालायला सांगा.